नव्वद टक्के हायवे, दहा टक्के शेत: व्ही-क्रॉसला एटी टायर घालावेत का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, अठरा इंची व्हील, ५८ हजार किलोमीटर झालेत, कंपनीचे टायर संपत आलेत. आठवड्याला नाशिक-ठाणे, महिन्यातून एकदा समृद्धीवरून संभाजीनगर, आणि वणीकडे शेत, तिथं शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता. तुम्ही विचारताय की ऑल टेरेन, म्हणजे एटी, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे टायर घालू का, आणि मित्र म्हणतोय की घालायचेच तर एक साइज मोठे, एलटीवाले, दहा प्लाय म्हणजे जाड, मजबूत केसिंगचे घे, परत बघायला नको.

मी संगमनेरजवळ हायवेला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान चालवतो, वीस वर्षं होऊन गेली. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि प्रत्येक जण टक्केवारी सांगतो. नव्वद-दहा, ऐंशी-वीस. टक्क्यांवरून टायर ठरत नाही हो. ते दहा टक्के कशावर आहेत, कोणत्या महिन्यात आहेत आणि तिथं गाडी अडकली किंवा टायर फाटला तर तुमचं काय अडतं, यावरून ठरतं. तुम्ही नुसतं "तीन किलोमीटर कच्चा" एवढंच लिहिलंय. तिथंच सगळी गोम आहे.

कच्चा म्हणजे मुरूम आणि खडी, का काळी माती? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुरमाच्या रस्त्यावर, खडी उघडी पडलेल्या चढावर, नाल्यातल्या गोट्यांवर एटी टायर खरंच कामाला येतो. ट्रेडचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचे, ठोकळे दगडाला कडेनं धरतात, रबर कट लागून सोलून जाऊ नये असं कडक असतं, आणि मुख्य म्हणजे साइडवॉल, टायरची बाजूची भिंत, जाड असते. माझ्याकडे शेतकऱ्यांच्या गाड्यांचे जे टायर फुकट जातात ना, त्यातले बहुतेक ट्रेड झिजून नाही जात, साइडवॉलला खडीचा किंवा बांधाच्या दगडाचा कट लागून जातात, आणि साइडवॉलचं पंक्चर काढता येत नाही, टायर फेकायचाच. म्हणून मी मुरूमवाल्याला एटी घे म्हणतो तो पकडीपेक्षा जास्त साइडवॉलसाठी.

काळ्या रानाची गोष्ट वेगळी. ओली काळी माती एटीच्या खाचांत जाऊन बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही, चाक चार फेरे फिरलं की टायरचा सरळ गोटा होतो, मग तो एटी असो की एचटी (साधा हायवेचा टायर), दोघंही सारखेच घसरतात. मड टेरेनच्या खाचा मोठ्या असतात, चाक जोरात फिरवलं तर चिखल फेकतात, पण जुलैतल्या काळ्या मातीत तेही हात टेकतात, मी ट्रॅक्टरनं ओढून काढलेत असे दोन. तिथं एकच उपाय, वापसा येईपर्यंत गाडी डांबरी रस्त्याला लावायची आणि चालत जायचं, नाहीतर त्या तुकड्यावर चार ट्रॉल्या मुरूम टाकून घ्यायचा. टायरच्या फरकाच्या पैशात मुरूम होतो, मी चेष्टा करत नाहीये.

तुमच्या दुसऱ्या कमेंटमध्ये तुम्ही लिहिलंय की दोन किलोमीटर मुरूम, त्यात एक खडा चढ, आणि शेवटचा किलोमीटर काळ्या रानातून. म्हणजे मध्यम प्रकरण आहे. दोन किलोमीटरसाठी एटीचा फायदा आहे, एकासाठी कुठल्याच टायरचा नाही.

आता हायवे. यावर लोक फक्त आवाज आणि मायलेज विचारतात. त्याचं पटकन सांगतो: आवाज वाढतो, मायलेज लिटरला अर्धा ते एक किलोमीटर पडतं, माझ्याकडची गिऱ्हाइकं साधारण असंच सांगतात. पण त्यात एक गंमत आहे, टायर जरा मोठा घातला की ओडोमीटर कमी मोजतो, त्यामुळं पडलेल्या मायलेजातलं थोडं नुसतं मोजणीतच पडलेलं असतं. असो. मला जास्त काळजी दोन गोष्टींची वाटते, ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आणि उन्हाळ्यातला गरमपणा.

ओल्या रस्त्याचं स्वतःवर बेतलेलं सांगतो. बरीच वर्षं झाली, मी माझ्याच पिकअपला एकदम आडदांड पॅटर्नचे टायर घातले होते, दुकानाची जाहिरात होईल म्हणून. मे महिनाअखेरीचा पहिला पाऊस, चंदनापुरी घाट, हौदा रिकामा, पुढं ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, मीही मारला, आणि मागचा भाग शांतपणे माझ्या शेजारी यायला लागला. ट्रकच्या मागच्या आडव्या पट्टीपासून हातभर अंतरावर थांबलो. वेग फार नव्हता. झालं काय होतं, पहिल्या पावसात रस्त्यावर धूळ आणि ऑइलचा लेप असतो, त्यात खाचा मोठ्या म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, शिवाय ते दगडासाठी बनवलेलं कडक रबर, आणि पिकअपचं मागचं वजन रिकाम्या हौद्यात असतंच किती. मागं पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, ते माल भरल्यावर नीट बसतात, रिकामे असताना गाडी मागून उड्या मारते. कारला जो टायर चालून जातो तो रिकाम्या पिकअपला चालेलच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पंधरा दिवसांत ते टायर काढून विकले.

म्हणून हायवेवाल्या माणसानं एटी घेताना ट्रेड वरून बघायचा. मधल्या पट्ट्यात ठोकळे जवळजवळ हवेत, शक्यतो एकसंध किंवा तुटक कणा असावा, आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा भरपूर हव्यात. त्यांना साइप म्हणतात, ओल्या डांबरावर त्याच पकडतात. मोठ्या खाचा पाणी बाहेर काढतात, पाणी काढून झाल्यावर उरलेल्या ओलसर रस्त्याला चिकटायचं काम या चिरांचं आणि रबराचं. खांद्याकडचे ठोकळे थोडे मोकळे असले तर चालतात, मुरमात तेच कामाला येतात. साइडवॉलवर बाहेर आलेले दात दिसले की लोक खूष होतात, त्यातले बरेच नुसते दिसायला असतात.

गरमपणाचं समृद्धीवाल्यांनी जास्त मनावर घ्यावं. पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता, इगतपुरी ते आमणे तुकडा ५ जून २०२५ ला चालू झाल्यापासून तुम्ही ठाण्यालाही बहुतेक त्यावरूनच जात असाल. सिमेंट काँक्रीट, १२० ची मर्यादा, सरळसोट, पाय उचलायची गरजच पडत नाही. टायर दर फेऱ्याला दबतो आणि परत उघडतो, त्यात उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हवा कमी असेल तर जास्त दबतो, माल जास्त असेल तर आणखी दबतो, ट्रेड जाड असेल तर आतली उष्णता बाहेर यायला उशीर लागतो. एचटीचा ट्रेड नवा असताना साधारण ८-९ मिलिमीटर, एटीचा ११ ते १३. म्हणजे एटी घातला की हवेची शिस्त आधीपेक्षा जास्त पाळायची. टायर फुटतात ते सिमेंटमुळं फुटतात असं सरसकट म्हणतात, माझ्याकडे फुटलेले जे येतात त्यातले निम्म्याहून जास्त आतून बघितले तर साइडवॉल आतल्या बाजूनं घासून भुसा झालेली असते, म्हणजे तो टायर फुटायच्या आधी बराच वेळ कमी हवेवर पळत होता.

हवा गाडी थंड असताना भरायची, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो. दहा अंश तापमान वाढलं की प्रेशर दीड-पावणेदोन पीएसआय वाढतं, चालवून आल्यावर चार-पाच जास्त दिसलं तर घाबरून काढायची नाही, ते धरूनच तो आकडा दिलेला असतो. टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, असं कुणीतरी खाली विचारलंय: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कोरडी हवा मिळते हा फायदा आहे, बाकी नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी हवेवर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असं करणारे बघितलेत मी, ते मात्र चूक.

आता मित्राचा दहा प्लायचा सल्ला. इथं माझा स्पष्ट नकार आहे. एलटी टायर म्हणजे लाइट ट्रक, तिकडं अमेरिकेत मोठ्या पिकअपना, ट्रेलर ओढणाऱ्यांना लागतात. केसिंग जाड, वजन जास्त, दगडाला भारी, सगळं खरं. पण एलटी टायरला तेवढंच वजन उचलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. लोक काय करतात, एलटी घालतात आणि हवा जुन्या स्टिकरवरचीच ठेवतात, मग माल भरला की टायर त्याच्या ताकदीपेक्षा खाली चालतो आणि तापतो. उलट बरोबर हवा भरली की रिकामी पिकअप बैलगाडीसारखी हादरते, घरचे लोक दुसऱ्यांदा बसत नाहीत. तुम्ही हौद्यात द्राक्षाचे क्रेट नेता म्हणालात, ते कधीतरी. रोज टनभर माल आणि खडीच्या खाणीत ये-जा असती तर मीच एलटी दिला असता. तुम्हाला साधा, एसयूव्हीच्या मापाचा एटी पुरे, फक्त लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. साइजच्या पुढं जो आकडा असतो तो: १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो, ११२ म्हणजे ११२०. त्याच्या पुढचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. क्यू म्हणजे १६०, तसले बहुतेक मड टेरेनवर दिसतात. समृद्धीवाल्यानं निदान एस घ्यावा.

साइजचं बघू. तुमची कंपनीची साइज २५५/६० आर १८, उंची होते साधारण ७६३ मिलिमीटर. या साइजमध्ये आपल्याकडे एटीची निवड कमी आहे, हे तुम्हाला दुकानं फिरून कळलंच असेल. शेजारची साइज २६५/६० आर १८, उंची ७७५, म्हणजे फरक दीड टक्क्याच्या आसपास. ही फॉर्च्युनर फोर बाय फोर आणि हायलक्सच्या वरच्या मॉडेलची साइज, त्यामुळं नाशिक काय, नगर काय, कुठंही मिळते. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा टायरच्या हिशोबानं १०१.६ होतात, आणि मीटर बहुतेक गाड्यांत मुळातच थोडा जास्त दाखवतो, त्यामुळं ते जिरून जातं. रिमची रुंदी साडेसात इंच किंवा जास्त आहे ना एवढं दुकानात बघून घ्या. स्टिअरिंग पूर्ण कापून दोन्ही बाजूंना आतला फ्लॅप घासत नाही ना तेही, फिट केल्यावर नाही, आधी एक टायर लावून.

मित्र म्हणतो ती २६५/६५ आर १८ मात्र ८०१ च्या वर जाते, पाच टक्के. १२० दाखवताना १२६ चा हिशोब, गिअर लांबल्यासारखे होतात, कसाऱ्याला चढताना एक गिअर जास्त पाडावा लागतो, ब्रेकला जड चाक थांबवायचं, आणि कंपनीच्या मापापासून एवढं लांब गेलात की वॉरंटी-इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयतं कारण. दिसायला मात्र भारी दिसते, ते मी नाकारत नाही.

अजून एक वाट आहे जी फारसं कुणी सुचवत नाही. सतरा इंची व्हील. २५५/६५ आर १७ ची उंची तुमच्या आत्ताच्या टायरएवढीच भरते, मिलिमीटरचाही फरक नाही, आणि आपल्याकडे आलेल्या सुरुवातीच्या व्ही-क्रॉसला तीच साइज होती. साइडवॉल जवळजवळ सव्वा सेंटिमीटर वाढते, खड्ड्यात रिम वाचतो, गाडी मऊ होते. जुन्या मॉडेलची ओरिजिनल व्हील चांगल्या अवस्थेत मिळाली आणि तुमच्या ब्रेकवर व्यवस्थित बसली तर तुमच्या जागी मी हेच केलं असतं. पण शोधाशोध आहे, आणि अठराची ऐट जाते.

कुठल्या कंपनीचा? इथं माझं दुकान आहे म्हणून मी नाव ठोकून सांगणार नाही, पण आपल्याकडे अपोलोचा अप्टेरा एटी टू, योकोहामाचा जिओलँडर एटी, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी हे सगळे हायवेकडे झुकलेल्या एटीतले आहेत, यातला तुमच्या साइजला जो ताजा मिळेल त्यातून निवडा. बाहेरून येणारे, पांढऱ्या अक्षरांचे टायर चांगले असतात, पण जून २०२० मध्ये सरकारनं टायरची आयात निर्बंधात टाकली, लायसनशिवाय आणता येत नाही, तेव्हापासून असा माल कधी येतो कधी नाही. तुम्ही चार घेतले आणि दीड वर्षानं एकाची साइडवॉल फाटली तर तोच मिळेल का? तुमची गाडी फोर बाय फोर आहे, तिथं हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही.

कारण असं की पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे एरवी दोनच चाकांवर चालणाऱ्या गाडीत, फोर एच (चारही चाकं) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडला जातो, मधे दोघांना वेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. पुढचे टायर गोटा आणि मागचे कोरे असले, किंवा साइजच वेगळी असली, की दोन्ही शाफ्ट वेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही शाफ्टना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, येतो. मुरमात चाक थोडं घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही, म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर एच लावायचंच नाही. म्हणून "आत्ता दोन घालतो, दिवाळीला दोन" हे तुमच्या गाडीला नको. परवडत असेल तर पाच घ्या. पाचवा स्टेपनीला, आणि दर ८ हजारला पाचही फिरवा. चारच घेतले तर जुनी स्टेपनी फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, टू व्हीलमध्ये, हळू.

हे ८ हजारचं रोटेशन एटीला एचटीपेक्षा जास्त लागतं. एटीचा आवाज नव्यात फारसा नसतो, तो २५-३० हजारला वाढतो आणि लोक म्हणतात बेअरिंग गेलं. बेअरिंग नसतं बहुतेक वेळा. ट्रेडवरून हात फिरवा, एका दिशेनं गुळगुळीत लागतं आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं अडकतं, ठोकळ्याची एक कड जास्त झिजलेली असते. एकदा ती करवत तयार झाली की अलाइनमेंट करून आवाज जात नाही, आधीच फिरवत राहायचं.

घेताना साइडवॉलवर चार आकडी तारीख बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. पाचही टायरवर बघा, एकावर बघून खूष होऊ नका, कमी खपणाऱ्या साइजमध्ये जुना माल मिसळून देतात. वर्षाच्या आतला मागा. डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचा शिक्का, म्हणजे बर्फात चालण्याची खूण, असला-नसला तरी तुम्हाला फरक नाही, लडाख ठरलं असेल तर वेगळं.

तर तुमचं माझ्या हिशोबानं असं बसतं: मुरमाचे दोन किलोमीटर आणि तो चढ आठवड्याला असेल तर सौम्य पॅटर्नचा साधा एटी, २६५/६० आर १८, पाच नग. शेतात महिन्यातून एकदाच आणि तेही दिवाळीनंतर कोरड्यात जात असाल तर चांगला एचटी घ्या, ठाण्याच्या पावसात तो जास्त उपयोगी पडेल, आणि उरलेल्या पैशात काळ्या रानातल्या किलोमीटरवर जिथं गाडी जास्त रुतते तिथं मुरूम टाका. मधलं काही असेल तर आत्ताच्या टायरकडे बघा. साइडवॉलवर किती कट आहेत, फुगा आलाय का, खांद्याचं रबर सोललंय का? पाचपैकी एकालाही खोल कट नसेल तर ५८ हजार किलोमीटर तुमच्या रस्त्यानं एटी मागितलाच नाही. ते फोटो टाका इथं, चारही चाकांचे, आतल्या बाजूचे पण, स्टिअरिंग कापून काढले की पुढचे दिसतात.

आणि नवे बसवल्यावर १०० किलोमीटर झाले की नट परत एकदा पान्यानं आवळून घ्या, मशीननं नाही, हातानं, टॉर्क पान्यानं. हे सांगूनही दहातले आठ जण येत नाहीत.